सरासरीतला खंड

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. शेजारच्या जालन्याचे भोकरदन, बदनापूर, अंबड, मंठा त्या यादीत होते, बीडचे वडवणी-धारूर होते, लातूरचे रेणापूरही होते. परभणी जिल्ह्यातल्या नऊ तालुक्यांपैकी एकाचेही नाव नव्हते. मंठ्याची शीव ओलांडली की जिंतूर-सेलूचा मुलूख लागतो. ढग काही शीव बघून थांबत नाहीत, सरकारी कागद मात्र थांबतो. मग नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दुसरा निर्णय झाला. ज्या महसुली मंडळांत जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि ७५० मिलिमीटरच्याही खाली राहिला, अशा हजाराच्या आसपास मंडळांत दुष्काळसदृश स्थिती मान्य करण्यात आली. या यादीत परभणीची मंडळे होती, आणि ती एकदोन नव्हती. वर्ष तेच, पाऊस तोच, शेते तीच. आधीची यादी तालुक्याच्या हिशेबाने झाली होती, नंतरची मंडळाच्या हिशेबाने झाली, हा त्यांच्यातला मोठा फरक.

वसंतराव नाईकांच्या स्मृतीत परभणीत बोलायचे आणि पाऊस हा विषय घ्यायचा, तर सुरुवात या दोन याद्यांपासून करणे भाग आहे. कमी पावसाबद्दल बोलताना आपण जो आकडा हातात घेतो तो जवळजवळ नेहमी सरासरीचा असतो, आणि या जिल्ह्यात सरासरीने आजवर शेतकऱ्याला जितके फसवले तितके ढगांनीही फसवले नसेल.

परभणीचा वर्षाचा पाऊस साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास धरतात. कागदावर हा आकडा वाईट नाही. अहिल्यानगर-सोलापूरच्या अवर्षणपट्ट्याला तो हेवा वाटावा असा आहे. मान्सूनचा अरबी समुद्रावरून येणारा प्रवाह आपले बहुतेक पाणी सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर सांडून पठारावर उतरतो, म्हणून मधला पट्टा कोरडा राहतो. पूर्वेकडे सरकावे तसा पाऊस पुन्हा वाढत जातो. तो मुख्यतः बंगालच्या उपसागरात तयार होऊन पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांचा पाऊस. परभणी या दोहोंच्या मध्ये बसली आहे. उपसागरातले क्षेत्र विदर्भावरून थोडे खालून आले तर जिंतूरपासून पालमपर्यंत रान भिजते, ते मध्य प्रदेशाकडे वर वळले तर नुसते आभाळ भरून येते आणि वारा सुटतो. ‘बनी तो बनी, नहीं तो परभनी’ ही म्हण ज्याने कुणी काढली त्याच्या मनात पाऊस नसावा, पण खरिपाला ती नेमकी लागू पडते.

म्हणजे इथला पाऊस मुळातच लहरी. ‘हवामान बदलले’ असे म्हणण्याआधी ही गोष्ट नीट मान्य करायला हवी, कारण प्रत्येक कोरड्या वर्षाचे खापर हवामानबदलावर फोडणे ही आता फॅशन झाली आहे आणि काही कचेऱ्यांसाठी ती मोठी सोयही आहे. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. त्या वर्षी देशाचा मान्सून सरासरीपेक्षा जवळपास २४ टक्क्यांनी कमी पडला. १९१८ साली तर तो त्याहूनही जरा कमी होता. १८७७ चा त्याहूनही वाईट.

योगायोग असा, की मराठवाडा कृषी विद्यापीठाची परभणीत स्थापना झाली १८ मे १९७२ ला, आणि पुढच्याच महिन्यात सुरू झालेल्या पावसाळ्याने महाराष्ट्राच्या स्मरणातला सर्वांत मोठा दुष्काळ आणला. नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमीची कामे त्या दोन वर्षांत राज्यभर उभी राहिली. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी फोडणे. रेशनला अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आणि मुलांना सुकडी. त्या पिढीतली माणसे अजून सांगतात की बहात्तरला खायला धान्य नव्हते, पण विहिरीला पाणी होते. पुढच्या दुष्काळांत हे उलटे झाले. दुकानात धान्य होते, पाणी टँकरने येत होते. मधल्या चाळीस वर्षांत पाऊस किती बदलला हा वादाचा मुद्दा असेल. जमिनीखाली किती बोअर गेले, याबद्दल मात्र वाद नाही. आपला खडक बेसॉल्ट. तो भेगांत आणि मुरमाच्या थरांत जेमतेम पाणी धरतो, आणि दोनशे-तीनशे फुटांखालचे पाणी एका पावसाळ्यात भरून येत नाही.

आता अलीकडची नोंद. २०१४ साली मराठवाड्यात जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीपेक्षा ४२ टक्के कमी पडला. २०१५ साली ४० टक्के कमी. देशाची तूट त्या दोन वर्षांत अनुक्रमे १२ आणि १४ टक्के होती, यावरून मराठवाड्याची गत लक्षात यावी. एक दुष्काळ माणूस ढकलतो, कारण घरात मागच्या वर्षीचे काही असते. लागोपाठचा दुसरा दुष्काळ कडबाही संपवतो आणि पतही. २०१५ या एका वर्षात मराठवाड्यात एक हजाराहून अधिक शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद सरकारदरबारी आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. २०१८ मध्ये पुन्हा तूट, पुन्हा दुष्काळ.

पाऊस पडणार की नाही, हे ठरवते कोण? या प्रश्नाचा शोध दीडशे वर्षांपूर्वी सुरू झाला, आणि तोही दुष्काळामुळेच. १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले आणि दोनच वर्षांत दख्खनचा महादुष्काळ पडला. पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातला बर्फ आणि मान्सून यांचा संबंध जोडून अंदाज द्यायला सुरुवात केली. १८९९ साली पाऊस गेला तेव्हा तो अंदाज साफ चुकला. त्यानंतर, १९०४ साली, गिल्बर्ट वॉकर नावाचा केंब्रिजचा गणिती खात्याचा प्रमुख म्हणून आला. त्याला हवामानशास्त्राचा फारसा अनुभव नव्हता. त्याने जगभरच्या वेधशाळांचे आकडे मागवले आणि हिंदी कारकुनांच्या फौजेकडून ते एकमेकांशी ताडून घेतले. पॅसिफिक महासागराच्या एका टोकाला हवेचा दाब चढला की दुसऱ्या टोकाला उतरतो, आणि या झोक्याशी हिंदुस्थानचा पाऊस बांधलेला आहे, हे त्या आकडेमोडीतून निघाले. आज ज्याला आपण एल निनो म्हणून ओळखतो त्याची ही हवेतली बाजू. म्हणजे जगाच्या हवामानाचा हा मोठा शोध लागला तो इथल्या उपाशी माणसांच्या निमित्ताने. हे खाते पुढे १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले.

एल निनो म्हणजे दुष्काळ, असे समीकरण मात्र कुणी पाठ करू नये. १९७२, १९८२, १९८७, २००९, २०१५, २०२३ ही एल निनोची वर्षे आपल्याला वाईट गेली हे खरे. पण १९९७ चा एल निनो विसाव्या शतकातला सर्वांत जबरदस्त गणला जातो आणि त्या वर्षी देशात पाऊस सरासरीपेक्षा किंचित जास्तच पडला. उलट २०१४ मध्ये पॅसिफिकमध्ये पक्का एल निनो पावसाळ्यात जुळलाच नव्हता, तरी मराठवाडा कोरडा राहिला. मध्ये हिंदी महासागराचे स्वतःचे एक राजकारण आहे. त्याचा आफ्रिकेकडचा भाग गरम आणि इंडोनेशियाकडचा भाग थंड झाला तर मान्सूनला बळ मिळते, जसे २०१९ मध्ये मिळाले.

मग यात हवामानबदल कुठे आहे? वर्षाच्या तुटीत तो शोधायला गेले तर हाती फार लागत नाही. केंद्रीय पृथ्वीविज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये भारताच्या हवामानबदलाचा अहवाल काढला. १९५१ ते २०१५ या काळात देशाचा मान्सूनचा पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला, असे त्यात आहे. पासष्ट वर्षांत सहा टक्के. ज्या जिल्ह्यात एका वर्षी निम्म्याने पाऊस घटतो आणि पुढच्या वर्षी पूर येतो, तिथे हा सहा टक्क्यांचा उतार बांधावरून दिसणार नाही. त्याच अहवालातला दुसरा आकडा जास्त बोलका आहे. १९५१ ते १९८० च्या तुलनेत १९८१ ते २०११ या काळात पावसाळ्यातल्या कोरड्या खंडांची वारंवारता २७ टक्क्यांनी वाढली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की हिंदी महासागराचा पश्चिम भाग शतकभरात १.२ अंशांपर्यंत तापला आहे, त्यामुळे समुद्र आणि जमीन यांच्या तापमानातला फरक कमी होतो आणि मान्सूनच्या वाऱ्यांचा जोर मंदावतो. याच गटाने २०१७ मध्ये मांडले की मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० पासून तिपटीने वाढल्या आहेत. खंड आणि अतिवृष्टी हे दोन्ही एकाच वेळी कसे? हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता साधारण ७ टक्क्यांनी वाढते. ती जास्त दिवस पाणी धरून ठेवते आणि सोडते तेव्हा एकदम सोडते.

आणि सरासरी? तीही जागेवर नाही. देशाच्या मान्सूनची दीर्घकालीन सरासरी पूर्वी ८९ सेंटिमीटर धरत. १९६१ ते २०१० चा काळ घेतल्यावर ती ८८ झाली, १९७१ ते २०२० चा घेतल्यावर ८७. हवामान खात्याचे म्हणणे असे की दशकानुदशके चालणारे कोरडे-ओले टप्पे मान्सूनला असतात आणि ही घट त्यातली आहे. तसे असेलही. पण त्याचा अर्थ असा की आज ‘शंभर टक्के पाऊस’ म्हणून जी बातमी छापली जाते, तो पाऊस तीस वर्षांपूर्वी शंभर टक्के ठरला नसता.

आता शेतात येऊ, कारण खंड म्हणजे काय ते कागदावर कळत नाही.

२०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. तूट ३६ टक्क्यांची, आणि महाराष्ट्राची अवस्था देशाहून वाईट. परभणीच्या भारी काळ्या रानात जुलैत पेरलेले सोयाबीन तेव्हा फुलात होते. पाऊस उघडल्यावर पहिल्या आठवड्यात काही बिघडत नाही, उलट वापसा येतो, कोळपणी-फवारणी उरकते, माणसे खूश असतात. दहाव्या-बाराव्या दिवसापासून दुपारी बारानंतर पाने उलटी होऊ लागतात. सोयाबीनला ताण बसला की ते पानाची फिकट बाजू उन्हाकडे करते, त्यामुळे हिरवे रान दुरून पांढुरके दिसते. संध्याकाळी पाने पुन्हा सावरतात. पंधरवड्यानंतर सावरत नाहीत. तोवर जमिनीला भेगा गेलेल्या असतात. ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. भेगेत आधी बोट जाते, मग पंजा. भेग खाली जाताना मुळे तोडत जाते आणि खालची ओल वाफ होऊन त्याच वाटेने निघून जाते. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे जुने लोक म्हणत ते यासाठीच. कोळप्याने वरची दोन बोटे माती मोकळी केली की भेगेचे तोंड बुजते. कृषी विद्यापीठ अशा वेळी पोटॅशियम नायट्रेटची फवारणी सांगते, ज्यांच्याकडे विहीर आहे त्यांना तुषार संच लावायला सांगते. तिसऱ्या आठवड्यात फुले गळतात. नंतर सप्टेंबरात पाऊस येतो, झाड हिरवे होते, शेंगाही दिसतात. हातात घेऊन दाबल्या की चपट्या लागतात.

सप्टेंबरच्या अशा पावसाने पुष्कळ वर्षी सरासरी मात्र भरून निघते.

इथे हिशेब मांडून पाहावा. एका दिवसात ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की मंडळात अतिवृष्टी धरतात. असे तीन दिवस झाले की परभणीच्या वर्षाच्या पावसाचा चौथा हिस्सा पूर्ण. सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत जिल्ह्यातल्या बहुतेक मंडळांत अतिवृष्टी झाली आणि उभे पीक पाण्यात गेले. २०२५ मध्ये मान्सून मुंबईत २६ मे रोजीच दाखल झाला, इतक्या लवकर तो आल्याची अलीकडच्या दशकांत नोंद नव्हती. लगेच पंधरवडाभर अडकून बसला. सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात असा पूर आला की सरकारला ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर करावे लागले. वर्षअखेरीस दोन्ही वर्षे ‘सरासरीपेक्षा जास्त पाऊस’ या रकान्यात गेली.

पिकांची निवडही या खंडाला सोयीची झाली आहे. पूर्वी या काळ्या रानाची भिस्त रब्बी ज्वारीवर होती. ती पावसाळा संपल्यावर पेरायची, मातीत मुरलेल्या ओलीवर वाढायची, ऑगस्टच्या खंडाशी तिचे देणेघेणे नव्हते. ‘परभणी मोती’ हे वाण त्याच परंपरेतले. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत सोयाबीन आले. रोख पैसा लवकर देणारे, शंभर दिवसांत मोकळे करणारे. शेतकऱ्याने ते घेतले यात त्याची चूक नाही, ज्वारीला भाव आणि कापणीला माणूस मिळत नव्हता. पण त्या शंभर दिवसांतले मधले तीस दिवस अचूक पाऊस हवा, अशी अट या पिकाबरोबर आली. आता जिल्ह्याच्या खरिपाचा सर्वांत मोठा तुकडा एकाच अटीवर उभा आहे.

धरणांनी ही अट हलकी करायला हवी होती. पण परभणीची धरणे परभणीच्या पावसावर भरत नाहीत. येलदरी भरते ती पूर्णेच्या पाण्यावर, म्हणजे अजिंठ्याच्या डोंगररांगा, जालना आणि बुलडाण्यात पडलेल्या पावसावर. जायकवाडी भरते नाशिक आणि अहिल्यानगरच्या पावसावर. त्यामुळे जिंतुरात ढग बरसले तरी येलदरी रिकामी राहू शकते, आणि पाथरी-मानवत कोरडे असताना त्र्यंबकेश्वरच्या पावसाने जायकवाडीचा नाथसागर भरू शकतो. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे, असे महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ मध्ये ठरवून दिले. तरी दर तुटीच्या वर्षी भांडण कोर्टात जातेच. पाणी सुटले तरी पैठणचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब, आणि परभणी त्याच्या शेपटाकडे. शेपटाच्या शेतकऱ्याला पाणी कधी मिळते हे या सभागृहात वेगळे सांगायला नको. त्यातही गोदाकाठचा ऊस आधी पितो.

या सगळ्या अनिश्चिततेत माणूस अंदाजाला धरून राहणारच. सेलू तालुक्यातल्या गुगळी धामणगावचे पंजाबराव डख यांचे हवामान अंदाज राज्यभर मोबाइलवर फिरतात. २०२४ मध्ये ते परभणीतून लोकसभेलाही उभे राहिले. शास्त्रज्ञ आणि त्यांचे चाहते यांच्यातला वाद बाजूला ठेवू. दोन आठवड्यांपलीकडे ‘अमुक तारखेला अमुक तालुक्यात पाऊस’ असे खात्रीने सांगण्याची क्षमता आज जगातल्या कुठल्याही हवामान केंद्राकडे नाही, एवढे ध्यानात ठेवावे. पण डखांची लोकप्रियता हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ते शेतकऱ्याच्या बोलीत, शेतकऱ्याला हव्या त्या प्रश्नाचे उत्तर देतात, पेरू की थांबू. कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, तो जास्त भरवशाचा असतो, आणि त्याची भाषा परिपत्रकाची असते.

विम्याचे तर उलटेच झाले. २०२३ च्या खंडात निदान एक तरतूद होती. हंगामाच्या मध्ये पिकाची हानी मोठी दिसली तर भरपाईतले २५ टक्के आगाऊ द्यायचे, आणि त्यासाठी २१ दिवसांच्या खंडाचा निकष सर्वांच्या तोंडपाठ झाला होता. २०२५ च्या खरिपापासून राज्याने एक रुपयातला विमा बंद केला आणि हा निकषही काढला. आता भरपाई ठरते ती फक्त पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे मंडळाच्या सरासरी उत्पादनावर. जुन्या योजनेत गैरप्रकार झाले होते हे खरे. पण चोर शिरला म्हणून दार भिंतीने बुजवले, तर घरचा माणूसही बाहेर राहतो. देशाचे शास्त्रज्ञ खंड वाढत असल्याचे सांगत असताना विम्यातून नेमका खंडच वगळला गेला, हा निर्णय चुकीचा आहे.

उपाय नाहीत असे नाही, आणि ते परभणीतच हाताशी आहेत. रुंद वरंबा सरीवर पेरलेले सोयाबीन खंडात ओल धरते आणि अतिवृष्टीत सरीतून पाणी काढून देते. दोन्ही संकटांना एकच यंत्र चालते. सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी ही विद्यापीठाची जुनी शिफारस आहे. ऑगस्टने सोयाबीन मारले तर परतीच्या पावसावर तूर उभी राहते. शेताबाहेर पाणी साठवण्याच्या जुन्या सोयीही आहेत. सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार बारव गावकऱ्यांनी गाळ काढून मोकळी केली. गोल फिरत खाली उतरणाऱ्या तिच्या पायऱ्या बघायला आता बाहेरचे लोक येतात. चारठाण्यालाही बारवा आहेत. जिल्ह्यात गाळाने भरलेल्या अशा किती असतील, त्याची यादी एखाद्या महाविद्यालयाने करायला हरकत नाही.

शेवटी एक विनंती, विशेषतः जिल्ह्यातल्या सरपंचांना आणि ग्रामसभांना. आपल्या मंडळाचे पर्जन्यमापक यंत्र कुठे आहे ते आधी जाऊन पाहा. एका यंत्रावर कितीतरी गावांचा दुष्काळ आणि अतिवृष्टी ठरते, ते झाडाखाली किंवा भिंतीच्या आडोशाला असेल तर लेखी तक्रार करा. केंद्राच्या ‘विंड्स’ योजनेत ग्रामपंचायत पातळीवर पर्जन्यमापक बसवायचे आहेत, आपल्या गावचे कुठवर आले ते विचारा. तोवर ग्रामपंचायतीच्या फलकावर रोजच्या पावसाचा आकडा लिहा, आणि त्याच्या शेजारी दुसरा रकाना आखा, शेवटचा पेरणीजोगा पाऊस होऊन किती दिवस झाले त्याचा. पुढच्या वर्षी पंचनाम्याला येणाऱ्या तलाठ्यासमोर, विमा कंपनीच्या माणसासमोर आणि विधानसभेत आपल्या आमदाराच्या हातात हा दुसरा रकाना असला पाहिजे.